मागून येणारा आवाज

२ फेब्रुवारी

‘तुम्ही सगळे इतकं हळू का बोलायला लागलात?’

आई एकदा जेवताना असं म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी चमचा खाली ठेवला, दादानं माझ्याकडे पाहिलं आणि कुणीच काही बोललं नाही. पुढे वर्षभरात आईला खरंच ऐकू येईनासं झालं. ते पुढचं सगळं माझ्या डोक्यात धूसर आहे, पण हे वाक्य जसंच्या तसं आहे. त्या वेळचा तिचा चेहराही. ती रागावलेली नव्हती. अंधाऱ्या खोलीच्या दारात उभं राहून मूल ‘आत कोण आहे?’ असं विचारतं ना, तशी दिसत होती.

आज सिनेमाच्या वर्गात सरांनी काम दिलं. भयपटाची सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा नाही, फक्त सुरुवात. ‘भूत दाखवायचं नाही,’ सर म्हणाले, ‘भूत दाखवलं की भीती संपते.’ मग प्रत्येकानं आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं होतं. कुणी लिफ्ट सांगितली, कुणी पाणी. एकजण म्हणाला, ‘परीक्षा,’ आणि वर्ग हसला. माझी पाळी आली तेव्हा मी आईचं ते वाक्य सांगितलं. कुणी हसलं नाही.

वर्ग सुटल्यावर चिमणी माझ्या बाकापाशी आली. ही मुलगी वीस वर्षांची, अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक, म्हणून चिमणी. वाकून म्हणाली, ‘मावशी, ते वाक्य मला द्या. आपण तोच सिनेमा करू.’

वर्गात सगळे मला मावशीच म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांच्या वर्गमैत्रिणीला दुसरं काय म्हणणार?

६ फेब्रुवारी

गट ठरला. चिमणी दिग्दर्शक. कॅमेऱ्यावर लंबू, जो दारातून येताना अजूनही सवयीनं मान खाली घालतो. आवाज माझ्याकडे.

यावर वाद झालाच नाही. वीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. पलीकडचा माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आत नुसत्या श्वासावरून मी सांगायचे की हे हिशेब विभागातले आहेत आणि आज चिडलेले आहेत. माझे कान तिखट म्हणून कचेरीत प्रसिद्ध होते. साहेबसुद्धा माझ्या टेबलाजवळ कुजबुजायचे नाहीत. मग फोन थेट टेबलाटेबलावर गेले, माझा बोर्ड भिंतीवरून उतरवला आणि त्याबरोबर मलाही. वर्षभर घरी बसले. मग हा अभ्यासक्रम दिसला. म्हटलं, कान आहेत, त्यांनाच कामाला लावू.

सिनेमा असा: एक बाई जेवणाचं टेबल मांडते आहे. घरातले आवाज एकेक करून नाहीसे होतात. आधी घड्याळ, मग नळ, मग रस्ता. माणसं तोंड हलवताहेत, शब्द नाहीत. आणि शेवटी...

‘शेवटी मागून काहीतरी येतं,’ चिमणी म्हणाली. ‘प्रेक्षकांना ते ऐकू येतं, तिला नाही. ती आपली शांतपणे चमचे मांडते आहे.’

लंबू म्हणाला, ‘बास, मला आत्ताच घरी जायचंय.’

माझ्याही अंगावर काटा आला. चांगला काटा. खूप दिवसांनी काहीतरी आपलं होतंय असं वाटलं.

फक्त चिमणीनं जरा तोंड उघडून बोलावं. आजकालच्या पोरांना ओठ न हलवता बोलायची काय हौस आहे कळत नाही.

१० फेब्रुवारी

या वर्षी पाखरं कमी झालीत. सकाळी खिडकीत चहा घेऊन बसले तर सगळं कसं चिडीचूप. मी ह्यांना म्हटलं, ‘समोरचं झाड छाटल्यापासून पाखरं गेली बघा.’ ह्यांनी पेपरातून मान वर केली आणि काहीतरी पुटपुटले. दाढ भरल्यापासून ह्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडातच राहतं. किती वेळा सांगितलं की डॉक्टरांना पुन्हा दाखवा. माझ्या सांगण्याकडे कानाडोळा.

धुण्याचं मशीनही बिघडलंय. धुणं झालं की शिट्टी द्यायचं, आता गुपचूप थांबतं. दोनदा ओले कपडे तसेच राहिले. पोरगा म्हणाला, ‘आई, वाजतंय की ते!’ त्याला काय, तो कधी कपडे काढत नाही, मग त्याचं काय जातंय बोलायला.

१५ फेब्रुवारी

आज आमच्या घरी शूटिंग झालं. दिवसाढवळ्या पडदे ओढून दोन्ही खिडक्यांवर काळं कापड लावलं. सिनेमातली बाई मीच. गटात दुसरं कुणी त्या वयाचं नाही आणि ‘मावशी, टेबल तुमचंच, चमचे तुमचे, मग बाई तरी बाहेरची कशाला?’ असं लंबूचं म्हणणं पडलं.

आधी खोलीची शांतता टिपायची असते. कुठल्याही जागी चित्रण करताना तिथली नुसती शांतताही थोडा वेळ रेकॉर्ड करतात, कारण प्रत्येक खोली वेगळी गप्प असते. मला हे काम फार आवडतं. मी हेडफोन लावून उभी राहिले. चिमणीनं फ्रिजकडे बोट दाखवलं, ‘मावशी, हा बंद करू या ना, किती शिट्टी मारतोय.’ मला आमच्या फ्रिजची घरघर माहीत आहे, शिट्टी कसली? पण दिग्दर्शकाचं ऐकायचं असतं. बंद केला.

शेवटच्या दृश्यात मी कॅमेऱ्याकडे पाठ करून चमचे मांडत होते. चिमणीनं सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी मागे बघायचं नाही, मी ‘कट’ म्हणेन तेव्हा थांबा. मी एकेक चमचा ठेवत गेले. चमचे संपले. मग काटे घेतले. काटे संपले. कट काही येईना. मनात म्हटलं, पोरगी दृश्य लांबवतेय, बरं. पुन्हा पहिल्यापासून चमचे सरळ करायला लागले. घर इतकं शांत होतं की मागे दोन माणसं उभी आहेत हे खोटं वाटायला लागलं. मागे कुणी नाही, किंवा आहे ते त्या दोघांपैकी नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवला.

मी जी किंचाळले, ती शेजारच्या बाई दार वाजवायला आल्या.

चिमणीच होती. तिचे डोळे मोठे झालेले. ‘मावशी, मी चार वेळा कट म्हटलं!’

लंबू टाळ्या वाजवत होता. ‘काय अॅक्टिंग! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आम्ही हाका मारतोय आणि ह्या आपल्या चमचे मांडताहेत. मला खरंच भीती वाटली.’

मी म्हटलं, ‘अरे, भूमिकेत शिरावं लागतं.’ सगळे हसले. चहा झाला.

१७ फेब्रुवारी

सिनेमा अंगात भिनलाय. घरात माणसं अचानक प्रकट होतात. मी ओट्याशी असते आणि हे एकदम बाजूला. पोरगा कोपरापाशी उभा. पावलं नाहीत, दाराचा आवाज नाही. आज तर बशी हातातून पडली.

‘अहो, चोरासारखे काय येता?’

‘चोरासारखा? बूट घालून आलोय मी!’ हे म्हणाले. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं, कारण ओरडून म्हणाले.

आता मी भिंतीला पाठ लावून काम करते. हसू येतं स्वतःचं. भीती पडद्यावर घालायची होती, ती आधी माझ्याच स्वयंपाकघरात येऊन बसली.

आईची आठवण येते. पण आईचं कारण वेगळं होतं. तिला लहानपणी मोठा ताप आला होता, असं थोरली मावशी सांगायची. तापानं कान जातात.

२० फेब्रुवारी

आवाज बसवायचं काम आज संपवलं. दिवसभर कॉलेजच्या खोलीत एकटी, हेडफोन लावून. चिमणी आणि लंबूची दुसऱ्या विषयाची परीक्षा होती.

सरांनी एक युक्ती सांगितली होती. शांततेच्या खाली एक बारीक सूर ठेवायचा, तारेसारखा, अगदी ऐकू येईल न येईल इतकाच. प्रेक्षकाला तो कळत नाही, पण त्याचं शरीर अस्वस्थ होतं. ‘ऐकू येण्याच्या काठावर ठेवा,’ सर म्हणाले होते. ‘काठ सापडला की काम झालं.’

काठ सापडायला फार वेळ लागला. सूर लावला तर काहीच ऐकू येईना. वाढवला. नाही. आणखी वाढवला. पडद्यावरचा आवाजाचा मीटर लाल व्हायला लागला, पण तिथलं मशीन जुनंपुराणं आहे, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा? कान कशाला आहेत? मी डोळे मिटले आणि नुसत्या कानांनी गेले. शेवटी मिळाला. लांबून कुणी केसाएवढा धागा ओढत नेतंय असा. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

काय सुंदर वाटलं म्हणून सांगू! बोर्डावर बसायचे त्या दिवसांसारखं. चिमणीला दाखवायला वेळ नव्हता, फाइल पेन ड्राइव्हवर घालून तशीच सरांच्या टेबलावर ठेवून आले.

२४ फेब्रुवारी

आज सगळ्यांच्या सुरुवाती दाखवल्या. आमची चौथी.

मी मुद्दाम भिंतीलगत कडेला बसले, म्हणजे पडद्याऐवजी चेहरे बघता येतील. घड्याळ गेलं, नळ गेला. वर्ग पुढे सरकून बसला. रस्ता गेला. मग माझा सूर सुरू झाला असणार, कारण मला तो त्या मोठ्या खोलीत ऐकूच आला नाही. इतका नेमका काठावर होता!

आणि वर्गाचं काय झालं ते कसं लिहू? पहिल्या रांगेतल्या मुलीनं दोन्ही हात कानांवर दाबले. एकानं डोकं गुडघ्यात घातलं. लंबू खुर्चीत अर्धा उठला. चिमणीचा चेहरा पांढराफटक, तिनं वळून माझ्याकडे बघितलं. अशा नजरेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. पडद्यावर मी पाठमोरी, शांतपणे चमचे मांडते आहे. आणि सर घाईघाईनं उठून यंत्रापाशी गेले, त्यांनी बटण फिरवलं.

संपलं. मग टाळ्या.

सरांनी मला काहीतरी विचारलं. पाठ वळवून, यंत्राकडे बघत. शेवटचा शब्द ‘मुद्दाम?’ असा होता. मी म्हटलं, ‘हो सर.’ त्यांनी भुवया उंचावल्या. आणखी काही म्हणाले, मी हसून मान डोलावली.

बाहेर लंबू म्हणाला, ‘मावशी, तुम्ही माणूस आहात का कोण? ती बाई निवांत चमचे मांडतेय आणि इकडे आमचे दात शिवशिवताहेत! माझे कान अजून वाजताहेत.’

चिमणी समोर येऊन उभी राहिली. ‘वर्षअखेरचा मोठा सिनेमा मी करणार आहे. आवाज तुमचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, आत्ताच सांगते.’

मी रस्त्यानं अक्षरशः तरंगत आले.

२५ फेब्रुवारी

एक गोष्ट मात्र गळ्याखाली उतरत नाही. केसाएवढ्या धाग्यासाठी कुणी दोन्ही हातांनी कान झाकतं का?

घरी हेडफोन लावून चारदा ऐकलं. तोच धागा. चौथ्यांदा तर तोही नाही.

मग मनात आलं की त्या ध्वनिफितीत दुसरंच काही शिरलंय. त्यांना ऐकू आलं, मला नाही. अगदी आमच्या सिनेमासारखं. शिकलीसवरलेली बाई मी, पण भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून बसले. ह्यांना सांगितलं नाही. भूत आहे असं मानणं इतकं सोपं का वाटतंय, ते मला कळत नाही. दुसरं काही मानण्यापेक्षा सोपं.

१ मार्च

दादाकडे गेले होते, आईला भेटायला. आईशी फोनवर बोलता येत नाही, त्यामुळे काही दाखवायचं तर जावंच लागतं. ती खिडकीपाशी विणत बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिल्यावर हसली.

लॅपटॉप मांडीवर ठेवून तिला सुरुवात दाखवली. आवाज पुरा ठेवला होता, कारण यंत्र लहान आणि मला माझा धागा तपासायचा होता. आईला आवाजाचा उपयोग नाही, पण तिला मी दिसावी एवढंच मनात होतं.

‘अगं, हे तुमचं टेबल!’ आई म्हणाली. ती मोठ्यानंच बोलते. ‘किती बारीक दिसतेस पाठीमागून.’

आम्ही दोघी बघत होतो. खिडकीतून ऊन येत होतं, आईचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. पडद्यावर मी चमचे मांडत होते. इतकं निवांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी पाठ भिंतीला लावलेली नव्हती.

दार धाडकन उघडलं. उघडलं असणार. मला ते भिंतीवर आपटून परत आलेलं दिसलं तेवढंच. भाची दारात उभी, दोन्ही तळहात कानांवर, तोंड रडवेलं. तिच्यामागून वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या आणि ओरडल्या, ‘वन्सं, बंद करा हो ते! कान फाटायची वेळ आली! बाहेरून हाका मारतेय मी केव्हाची!’

मी लॅपटॉप मिटला. भाचीनं हात खाली घेतले.

म्हणजे आवाज त्यात होता. सगळा वेळ होता. भूत वगैरे नव्हतं, माझाच सूर होता. मी काठावर ठेवला होता, फक्त काठ माझा होता.

आई सगळ्यांकडे बघत होती. भाचीच्या हातांकडे, वहिनींच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. तिला एक शब्द ऐकू आला नव्हता, आणि खोलीत सगळ्यात आधी तिलाच कळलं. तिनं विणकाम बाजूला ठेवलं.

‘तुलासुद्धा?’

वहिनी भाचीला घेऊन बाहेर गेल्या. मी आईला विचारलं, सावकाश, तोंड तिच्याकडे करून, ‘तू जेवताना म्हणाली होतीस, तुम्ही हळू का बोलायला लागलात. आठवतं?’

‘न आठवायला काय झालं? त्या आधी कितीतरी दिवस मला माहीत होतं.’

‘मग विचारलंस कशाला?’

‘वाटलं, कुणीतरी म्हणेल, हो ग, आम्हीच हळू बोलतोय. खोटं का होईना.’ आई हसली. ‘एवढंच ऐकायचं होतं. सगळे गप्प बसलात.’

आणि ताप? मी विचारलं. थोरल्या मावशीनं सांगितलेला ताप?

‘कसला ताप? माझ्या आईलाही असंच झालं होतं. मुलींना घाबरवू नये म्हणून ताईनं तापाची गोष्ट रचली.’

नंतर तिनं माझा कान हातात धरला, लहानपणी थंडीत धरायची तसा. मी रडत होते.

४ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवतात, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून नुसती बसले होते. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या, म्हणजे सूर येत होते.

बारीक सूर गेलेत. पाखरं, मशीनची शिट्टी, फ्रिज, चिमणी. जाडे आहेत अजून, तेही हळूहळू उतरतील. यंत्रानं मदत होईल, जुने कान परत मिळणार नाहीत. बाई समोर तोंड करून, चांगलं स्पष्ट बोलल्या. मनातून त्यांची पप्पी घ्यावीशी वाटली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी गालावरून, दाढेपाशी हात फिरवला. मग म्हणाले, ‘म्हणजे माझी दाढ बरी आहे तर.’ आणि डोळे पुसायला आत गेले.

५ मार्च

भीती अजून आहे. फक्त आता तिला चेहरा आहे आणि तो बहुधा आईचाच आहे. तेवढी कमी झाली म्हणायची.

उद्या चिमणी सरांना मोठ्या सिनेमाची नावं देणार आहे. आवाजापुढे माझं नाव तिनं पेन्सिलीनं लिहूनही ठेवलंय. तिला अजून माहीत नाही. गप्प राहिले तर वर्ष निघून जाईल, इतकी बेमालूम मी हसून मान डोलावते. परवापरवापर्यंत स्वतःला फसवलंच की. पण ती पोरगी माझ्या कानांवर आपला पहिला सिनेमा टाकणार आहे. आणि ती पाठमोरी बाई मागे का वळली नाही, हे तिला कळायलाच हवं.

तेव्हा उद्या वर्गाच्या आधी तिला गाठणार. सगळं सांगणार. मग मागणार. आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी जीभ अडखळणार नाही.

चिमणे, आवाज माझ्याकडेच ठेव. जाडं सगळं मी बघेन: पावलं, दारं, घरघर, माणसांचे श्वास. आता लाल झालेल्या मीटरवरही विश्वास ठेवेन. बारीक सूर असेल तिथे तू माझ्या शेजारी बस आणि माझ्या मनगटावर बोट ठेव. तुला ऐकू यायला लागलं की दाबायचं, थांबलं की सोडायचं. काठ तुझा, हात माझा. नुसती शांतता कशी असते, ते मात्र या वर्गात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. वीस वर्षांच्या पोरीनं एवढी जोखीम का घ्यावी?

म्हणून आणखी एक मागणार. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण मागून नको म्हणूस. समोर ये, माझ्याकडे बघ, आणि नीट तोंड उघडून म्हण.